चढाचा तिसरा हिस्सा

आधी तिचं सांगतो, मग माझं. मनोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावरून रोज सकाळी एसटी धरून बोईसरला येणाऱ्या मुलीनं मला काटकोन त्रिकोण समजावला. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, ती तेवीसची असेल. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस त्या पोरीवर जळत होता. जळत होतोच. पण उपकार आधी आणि जळणं नंतर, एवढा क्रम तरी माझ्या हातून नीट राहू दे.

माझं गाव नांदेडच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दोन कोसांवर, आणि घरात सायकल एकच. ती थोरल्याला मिळाली. तो दहावीपर्यंत गेला आणि मी सातवीवर थांबलो. थोरला माझ्याशी कधी वाईट वागला नाही, तरी त्याच्या सायकलची घंटा वाजली की मी उठून घरामागं जाऊन बसायचो. हेवा काय असतो हे मी तिथं शिकलो. बाकीचं शिक्षण राहिलं, हे तेवढं पूर्ण झालं.

बोईसरला एमआयडीसीच्या कडेला एक फॅब्रिकेशनची शेड होती, तिथं मी बारा वर्षं काम करत होतो. आमच्याकडं लोखंडाच्या कैच्या बनत. कैची म्हणजे छपराखालचा तो मोठा त्रिकोण. त्याच्यावर पत्रे किंवा कौलं बसतात. एडवणच्या बाजूला समुद्रावर सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी उभ्या चढाच्या कौलांची टुमदार घरं बांधतात, त्यांच्या कैच्या बहुतेक आमच्या शेडच्या. कापणारे, जोडणारे, घासणारे आम्ही सातआठ जण. पण जमिनीवर खडूनं माप काढणारा एकच, त्याला मिस्त्री म्हणायचं. शेडच्या मागं मिस्त्रीची खोली होती. पत्र्याचीच, पण मोरी आत आणि नळही आत. जो मिस्त्री, त्याची ती खोली.

मी पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचो. बायको आणि मुलगी गावी. चार वर्षांपूर्वी म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला सांगितलं, "माझ्यानंतर तूच रे," तेव्हापासून मी घरी फोनवर एकच सांगत आलो होतो, "खोली मिळू दे, मग तुम्हाला न्यायला येतो." बायको आधी विचारायची, कधी? मग तिनं विचारायचं सोडलं. ते सोडलं त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

मी मुळात घाबरट माणूस. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघतो. पाईप कापताना मापापेक्षा अर्धा इंच जास्तच कापतो, कारण जास्त झालेलं छाटता येतं, कमी झालेलं वाढवता येत नाही. शेडमध्ये त्याला "घाबऱ्याचा अर्धा इंच" म्हणायचे. हसायचे, पण माझ्या हातून माल कधी वाया गेला नाही.

मिस्त्री गावी जायला निघाला, तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन त्याची विद्या दिली. त्याला ती त्याच्या मिस्त्रीनं दिली होती. कैचीचा अर्धा गाळा घ्यायचा, म्हणजे एका भिंतीपासून मधल्या टोकाच्या खालपर्यंतचं आडवं अंतर. तिथून टोक जेवढं उंच, तो चढ. भिंतीपासून टोकापर्यंत जी तिरकी बाजू जाते, तिची लांबी काढायची तर अर्ध्या गाळ्यात चढाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. बस. अर्धा गाळा आठ फूट, चढ सहा फूट. सहाचा तिसरा हिस्सा दोन. आठ आणि दोन, दहा. तिरकं दहा फूट. मी बारा वर्षांत त्याच्या हाताखाली शेकडो कैच्या जोडल्या होत्या, कधी सुतभर फरक नाही. "कुणाला सांगू नको," मिस्त्री म्हणाला. मी कुणाला सांगितलं नाही. रोज आंघोळ करताना मनातल्या मनात म्हणायचो, चढाचा तिसरा हिस्सा, चढाचा तिसरा हिस्सा.

आणि मिस्त्री गेल्यावर पंधराव्या दिवशी शेठनं तिला आणून उभी केली.

"ही पालघरच्या आयटीआयमधून पास झालीय," शेठ म्हणाला. "ड्रॉइंग वाचते. सहा महिने बघू. तोपर्यंत खडू तिच्याकडं."

आमचा वेल्डर युपीचा. तो काच वर करून माझ्याकडं बघून म्हणाला, "लो उस्ताद. आपका कमरा गया."

तो हसला. मीही हसलो. हसताना माझे दात कोरडे पडले होते.

ती सडपातळ, अंगावर शेडचा निळा डगला तिला दोन बोटं मोठा. आल्या दिवशी तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "दादा, आमी तुमच्या हाताखाली शिकू. तुमी सांगा." मला वाटलं, बघ, कशी गोड बोलून घेते. त्या दिवसापासून तिचं काहीही मला सरळ दिसलं नाही. ती डब्यातली तांदळाची भाकर पुढं करायची, मी म्हणायचो पोट भरलंय. ती फोनवर आकडे दाबून उत्तर काढायची, मी वेल्डरला म्हणायचो, "बॅटरी संपली की अक्कलही संपणार." तिला ऐकू जायचं. ती काही बोलायची नाही, आणि तेही मला शिष्टपणाच वाटायचं.

खरं सांगायचं तर मला तिच्या आकड्यांचा हेवा नव्हता. ती ड्रॉइंगचा कागद हातात घेई तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नसायची, त्याचा होता. मी बारा वर्षांत एकदाही न घाबरता तो कागद उलगडला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात पालघरच्या एका गोदामाचं काम आलं. सहा कैच्या, पण छप्पर पत्र्याचं; आजवर आमची कामं कौलाचीच. गाळा चोवीस फूट, म्हणजे अर्धा बारा. चढ पाच. तिनं फोनवर काहीतरी केलं, जमिनीवर खडूनं लिहिलं, तेरा फूट, आणि मला म्हणाली, "दादा, तिरकं तेरा. बारा नग कापा. एका टोकाला या पुठ्ठ्याच्या साच्यानं तिरपा काप द्या, दुसरं टोक जुळवताना बघू." आणि ती शेठबरोबर जागा बघायला निघून गेली.

मी उभ्या उभ्या माझा हिशेब केला. पाचाचा तिसरा हिस्सा एक फूट आठ इंच. बारा आणि एक आठ, तेरा फूट आठ इंच.

पुन्हा केला. तेरा आठ. तिसऱ्यांदा केला.

माझ्या छातीत असं काही भरून आलं की काय सांगू. पोरगी चुकली होती. आठ इंचांनी चुकली होती! तिच्या मापानं कापलं असतं तर बारा नग कमी पडले असते, सगळा माल भंगारात. तेव्हा मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. तिला फोन करून विचारता आलं असतं. किंवा तिच्या मापानं कापून, तिला सगळ्यांसमोर पडताना बघता आलं असतं. मी तिसरीच केली. माझ्या मापानं कापायचं ठरवलं. म्हणजे कैची जुळेल, मग मी शांतपणे म्हणेन, "शेठ, यांचं माप चुकलं होतं, मी सांभाळून घेतलं." हे वाक्य मी कापता कापता पन्नास वेळा म्हणून बघितलं. 'सांभाळून घेतलं' म्हणताना आवाज किती खाली घ्यायचा तेसुद्धा ठरवलं.

बारा नग. तेरा फूट आठ इंच. त्या दिवशी मी घाबऱ्याचा अर्धा इंचही सोडला नाही, एवढी खात्री.

आमच्या शेडची एक रीत होती. नव्या कामाची पहिली कैची जमिनीवर जुळली की तिच्या टोकाशी नारळ फोडायचा, आणि तो मिस्त्रीनं फोडायचा. मग त्या पहिल्या कैचीवर बाकीच्या ठेवून जोडायच्या, म्हणजे सगळ्या एकसारख्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनं पिशवीतून नारळ आणला आणि तिच्या हातात दिला.

"मॅडम फोडेगी?" वेल्डर पुटपुटला.

"खडू जिसका, नारियल उसका," शेठ म्हणाला.

मी मनात म्हटलं, थांबा थोडं.

तिनं लाईनदोरी मारून जमिनीवर चोवीस फुटांची खालची रेघ काढली, मधोमध काटकोनात पाच फूट वर एक खूण केली. आम्ही खालचा पाईप ठेवला. मग एकेका बाजूनं तिरके दोन ठेवले. त्यांची वरची टोकं त्या खुणेवर येऊन भेटायला हवी होती.

ती भेटली नाहीत. एकमेकांना ओलांडून पुढं गेली, कात्रीच्या पात्यांसारखी. जवळजवळ वीतभर.

मी वाकून खालची टोकं बघितली, बरोबर जागेवर. जमिनीवरचं माप बघितलं, बरोबर. पुन्हा टेप लावला, पुन्हा बरोबर.  तिनं माझ्या हातातून टेपचं टोक अलगद घेतलं आणि तिरक्या नगावर लावलं.

"तेरा-आठ," ती म्हणाली.

"किती सांगितलं होतं?" शेठनं विचारलं.

"तेरा."

"कुणी कापलं?"

मला वाटलं होतं, माझ्या वाक्याची वेळ येईल. ती आली, पण तोंडातून हवासुद्धा निघेना. ती माझ्याकडं बघत होती. मला वाचवावं म्हणून खोटं बोलेल, असं एक क्षण वाटलं, आणि त्या विचारानंच मी आणखी चिडलो. पण ती खोटं बोलली नाही.

"कापलं दादांनी," ती म्हणाली. "पन शेठ, जास्त कापलंय, कमी नाय. एक टोक तर साच्यानं बरोबर काढलंय. दुसऱ्या बाजूनं आठ इंच छाटलं की झालं. माल वाचतो."

"मालाचं सोड," शेठ माझ्याकडं वळला. "बारा वर्षं झाली तुला इथं. सांगितलेलं माप कापता येत नाही? तुला मिस्त्री करायचं माझ्या डोक्यात होतं, कळतंय? उद्यापासून येऊ नको."

शेडमधलं सगळं बंद पडलं. घासायचं मशीनसुद्धा. माझ्या डोळ्यांपुढं काय आलं असेल तर खोली नाही, बायकोचं ते न विचारणं आलं. आता फोन करून काय सांगायचं?

"शेठ," ती म्हणाली, "एक विचारू? हे तेरा-आठ उगाच आलेलं नाय. बाराही नग सुतासारखे एकमापाचे हायत. गफलत असती तर एक असा, एक तसा झाला असता. यांनी कायतरी हिशेब केलाय. मला तो हिशेब बघायचाय. आठ दिवस ऱ्हाऊ द्या त्यांना."

 नारळ शेठनं परत पिशवीत टाकला आणि पिशवी खिळ्याला अडकवून निघून गेला. आमच्याकडं यालाच हो म्हणतात.

मला तिचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं असेल? मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्याशी बोललो नाही. बाराच्या बारा नग छाटले, आठ आठ इंचांचे बारा तुकडे पायाशी जमले, आणि प्रत्येक तुकडा पडताना माझ्या मनात एकच: हिच्यामुळं राहिलो. हिच्या मेहेरबानीनं. कैची जुळली. खूण होती तिथंच टोकं येऊन टेकली, मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही अशी. तिनं नारळ फोडला आणि पहिला तुकडा मला दिला. खोबरं गोड होतं, आणि तेही मला आवडलं नाही.

जेवताना ती समोर येऊन बसली. "दादा, सांगा ना. तेरा-आठ कुठून आलं?"

मी नकाराची मान हलवली. ती माझी एकुलती एक विद्या होती.

"नका सांगू. आमी शोधतो," ती म्हणाली आणि जमिनीवर खडूनं आकडे लिहायला लागली. बारा, पाच, तेरा-आठ. तिची जीभ दातांत. पाच मिनिटांत तिनं वर बघितलं. "चढाचा तिसरा हिस्सा मिळवलात. हो ना?"

बारा वर्षांनी मिळालेलं गुपित, पाच मिनिटांत. मी भाकरी बाजूला ठेवली.

"मिस्त्रीनं दिलंय," मी म्हणालो. "आणि ते खोटं नाही. मी शेकडो कैच्या जोडल्यात."

मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. उलट तिचे डोळे चमकले. "नायच खोटं! कौलाची घरं तुमी सगळी एकाच चढाची केलीत ना? अर्धा गाळा चार तर चढ तीन, अर्धा गाळा आठ तर चढ सहा. त्या चढाला ते पक्कं खरं हाय. चार न् तिनाचा तिसरा हिस्सा एक, पाच. पत्र्याचा चढ कमी, तिथं ते चालत नाय. तुमच्या मिस्त्रीचं खरं हाय, पन एकाच छपरापुरतं खरं हाय."

मला हे पटलंही आणि झोंबलंही. माझ्या मिस्त्रीला तिनं खोटं ठरवलं असतं तर मी भांडलो असतो. तिनं त्याला खरं ठरवलं आणि एवढंसं करून ठेवलं.

"मग सगळ्या छपरांना खरं काय?" मी विचारलं. तिला विचारलेला हा माझा पहिला प्रश्न.

ती म्हणाली, एका बाजूची लांबी त्याच लांबीनं गुणायची, दुसऱ्या बाजूचीही तशीच, दोन्हींची बेरीज म्हणजे तिरक्या बाजूची लांबी त्याच लांबीनं गुणल्यावर येतं तेवढी. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, पाचा पाचा पंचवीस, मिळून एकशे एकोणसत्तर, आणि तेरा तेरे एकशे एकोणसत्तर.

"असं का?" मी म्हणालो.

"सिद्धांत हाय."

"सिद्धांत असू दे. असं का?" मी आवाज चढवला. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून एकदा मानलं, आता हिनं सांगितलं म्हणून मानू? मला वाटलं, हिलाही ठाऊक नसणार, हीही पाठच करून आली असणार. आणि मला त्यातच बरं वाटायला लागलं होतं.

ती उठली. पाईपांच्या जोडावर लावायच्या त्रिकोणी पट्ट्यांची बादली होती, गसेट म्हणतो आम्ही त्यांना. त्यातून तिनं काटकोनाच्या चार एकसारख्या निवडल्या. काटकोनाची एक बाजू तीन इंच, दुसरी चार. मग अँगलचे तुकडे घेऊन वेल्डरकडून एक चौकट करून घेतली, आतून सात इंच बाय सात इंच.

"मॅडम, फोटो का फ्रेम बना रही हो?" वेल्डर म्हणाला. "उस्ताद का फोटो लगेगा?"

"त्यांच्या मिस्त्रीचा लावू," ती म्हणाली. मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

तिनं चौकट जमिनीवर ठेवली आणि चार कोपऱ्यांत चार पट्ट्या बसवल्या, काटकोन कोपऱ्यात. प्रत्येक कडेला एकीचे तीन इंच आणि दुसरीचे चार, मिळून सात. मध्ये रिकामी जागा राहिली, तिरपा उभा चौकोन. त्याच्या चारही कडा म्हणजे पट्ट्यांच्या तिरक्या बाजू.

"ही जागा ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "तिरक्याला तिरक्यानं गुणलं की ही जागा."

मग तिनं त्याच पट्ट्या उचलल्या. दोन पट्ट्यांच्या तिरक्या बाजू एकमेकींना लावल्या, एक लांबट आयत झाला. उरलेल्या दोघींचा दुसरा. एक आयत चौकटीच्या एका कोपऱ्यात आडवा, दुसरा समोरच्या कोपऱ्यात उभा. आता रिकाम्या जागा दोन राहिल्या. एक लहान चौकोन, तीन बाय तीन. एक मोठा, चार बाय चार.

 मी चौकटीकडं बघत राहिलो.

चौकट तीच. पट्ट्या त्याच चार. मग रिकामं राहिलेलंही तेवढंच. मघाशी ते एका ठिकाणी होतं, आता दोन ठिकाणी. लहान चौकोन आणि मोठा चौकोन मिळून तो तिरपा चौकोन. आणि पट्ट्या तीन-चारच्या असल्या काय, पाच-बाराच्या असल्या काय, चौकट तेवढी मोठी करायची, बाकी सगळं असंच होणार. चढ कोणताही असो.

 मी पट्ट्या काढल्या, स्वतःच्या हातानं पहिल्यासारख्या लावल्या. मग दुसऱ्यासारख्या. मग परत. सुट्टी संपल्याची शिट्टी झाली तरी मी तिथंच बसलो होतो.

आणि त्याच क्षणी, आनंदाच्या मागोमाग, असा हेवा उसळून आला की डोळ्यांत पाणी आलं. इतकी साधी गोष्ट! एवढंच असेल तर ते आठवीच्या वर्गात माझ्यासारख्या पोरालाही कळलं असतं. दोन कोसांवर, एका सायकलीच्या अंतरावर ठेवलेलं होतं ते. आणि ही चार कोपऱ्यांत चार पट्ट्या ठेवते, अशी सहज, जशी कुणी पाटावर ताटं मांडावीत.

"तुला कुणी दाखवलं हे?" मी विचारलं. पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"आश्रमशाळेत एक बाई होत्या. त्यांनी जुन्या पोस्टरचा पुठ्ठा कापून दाखवलं. आमी चाळीस पोरी, पुठ्ठा एक. सगळ्यांच्या हातात येईपर्यंत टोकं मऊ झाली होती." ती चौकट उचलत म्हणाली. "बाबा-आई वीटभट्टीवर जायचे, पाऊस संपला की. आमाला शाळेत ठेवून. घरी ऱ्हायलो असतो तर आमीपन गेलो असतो."

म्हणजे तिचंही काही सुखाचं गेलं नव्हतं. हे ऐकून माझा हेवा कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही. मला तिच्या त्या बाईंचा हेवा वाटला, त्या मऊ पडलेल्या पुठ्ठ्याचा वाटला.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला एक गणित घालायची. मी कधी तिला म्हणालो नाही की शिकव, ती कधी म्हणाली नाही की शिकवते. "दादा, अर्धा गाळा सहा, चढ दोन, तिरकं सांगा," एवढंच. फोनमधलं वर्गमूळाचं बटण तिनं दाखवलं, पण माझा त्याच्यावर विश्वास बसेना, तेव्हा तिनं अंदाज शिकवला. सहा साहे छत्तीस, दोन दुणे चार, चाळीस. सहा साहे छत्तीस आणि साता साते एकोणपन्नास, म्हणजे सहाच्या पुढं, सहाच्याच जवळ. मी तरीही खडूनं जमिनीवर पूर्ण मापाचा त्रिकोण काढून टेप लावून बघायचो. ती म्हणायची, "किती घाबरता हो!" आणि मग, "ऱ्हाऊ द्या. घाबरून बघतात त्यांचं चुकत नाय."

पण खडू तिच्याच हातात होता. खोलीला कुलूप होतं. तिला खोली नको होती, ती संध्याकाळच्या एसटीनं घरी जायची. तिला नको असलेली खोलीही मला मिळत नव्हती.

चार महिन्यांनी किनाऱ्यावरच्या दांडी गावात मासळी सुकवायच्या ओट्यांवर छप्पर टाकायचं काम आलं. शेठ आणि ती जागा मोजायला गेले. मी शेडमध्ये. दुपारी तिचा फोन आला. पलीकडं वारा आणि बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"दादा, अर्धा गाळा दहा फूट, चढ चार. तिरकं किती कापायचं?"

"तुझा फोन आहे ना हातात? काढ की."

"तुमी सांगा. घाई हाय."

दहा दाहे शंभर, चारी चोक सोळा. एकशे सोळा. मी फोन तसाच चालू ठेवला आणि अंदाज बांधला, दहाच्या पुढं आणि अकराच्या आत, अकराच्या जवळ. माझ्या साध्या फोनमध्ये वर्गमूळाचं बटण नव्हतं. वेल्डरच्या फोनवर काढलं, दहा पूर्णांक सत्त्याहत्तर. त्याचे इंच केले. मग धावत जाऊन जमिनीवर दहा बाय चारचा काटकोन काढला आणि टेप लावला.  सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील.

"दहा फूट सव्वानऊ इंच," मी म्हणालो.

 मग ती म्हणाली, "माझंबी तेवढंच आलंय."

माझं डोकंच फिरलं. "तुला आलं होतं तर मला कशाला विचारलंस? परीक्षा घेतेस माझी? एवढी वर्षं काम केलंय मी, मला काय पोरगा समजतेस?"

"दादा," ती हळूच म्हणाली, "फोन स्पीकरवर हाय. शेठ बाजूला उभे हायत."

 पलीकडून शेठचा आवाज आला, "अरे, जमिनीवर काढून बघितलंस ना?"

"हो शेठ."

"मग ओरडतोस कशाला? काप."

दुसऱ्या दिवशी शेठनं ठरवून टाकलं. बाहेरची मोजमापं, उभारणी, ड्रॉइंग तिच्याकडं. शेडमधला खडू माझ्याकडं. खोली शेडमधल्या खडूची. त्यानं किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. माझं लक्ष किल्लीकडं कमी आणि तिच्याकडं जास्त होतं, कारण तिला शेठच्या गाडीतून जागोजाग फिरायला मिळणार होतं. किल्ली हातात घेताना माणसाच्या मनात हे यावं! आलं.

बायकोला फोन केला. म्हणालो, "न्यायला येतोय."  ती म्हणाली, "नळ आत आहे ना नक्की?"

आता दोघी इथं आहेत. मुलगी बोईसरच्या शाळेत आठवीत जाते. गणित मी शिकवतो, तिला चौकट आणि पट्ट्यासुद्धा मीच दाखवल्या. तिनं बघितलं, म्हणाली, "भारी आहे बाबा," आणि लगेच, "ती ताई कधी येणार? ती आणखी चांगलं सांगते." परवा ती आली तर माझी मुलगी तिच्या मांडीला मांडी लावून बसली, तिच्यासारखे केस बांधायला लागली आहे. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि तोच जुना हेवा जागा झाला. हा रोग जाणार नाही. पण एक फरक पडलाय. आधी वाटायचं, हिच्याकडं आहे ते हिच्याकडं नसावं. आता वाटतं, असू दे, मला आणि माझ्या पोरीला पण असावं.

मी तिचे अजून नीट आभार मानलेले नाहीत. एकदा प्रयत्न केला, तर म्हणाली, "कायपन काय दादा," आणि एसटी धरायला पळाली. तिचं पाड्यावरचं घर मी एकदाच बघितलंय. कुडाच्या भिंती, वर जुनी कौलं, पावसात दोन ठिकाणी घमेली ठेवतात. भिंती पक्क्या करायचं चाललंय, म्हणाली, या वर्षी नाही तर पुढच्या.

ज्या वर्षी होतील त्या वर्षी छप्पर माझं. लोखंड मी आणीन, सुट्टीच्या दिवशी कापीन, खडू मी मारीन. तिला एक आकडा काढू देणार नाही. अंगणात बसून बघायचं, आणि चुकलं तर तेवढं बोलायचं. हे मी तिला सांगितलेलं नाही, इथं लिहून ठेवतोय, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.